'जमिनीचा खंड' : 'रेंड' या क्रियापदाच्या एका फसगतीचे प्रकरण

अनोळखी शब्द भाषांतरकाराला सहसा दगा देत नाही. तो दिसला की माणूस अडतो, कोश उघडतो, अर्थ लावतो आणि पुढे जातो. दगा देतो तो ओळखीच्या वेशात आलेला अनोळखी शब्द. 'रेंड' हे इंग्रजी क्रियापद या जातीचे. अर्थ असा : जोर लावून फाडणे, विदारणे. रोजच्या इंग्रजीत फाडण्यासाठी 'टेअर' आणि 'रिप' यांची चलती, त्यामुळे 'रेंड' फारसे कानावर पडत नाही. गोची होते ती त्याच्या भूतकाळी रूपात. 'बेंड'चे 'बेंट', 'सेंड'चे 'सेंट', 'लेंड'चे 'लेंट', तसे 'रेंड'चे 'रेंट'. स्पेलिंग आर-ई-एन-टी. आणि हीच चार अक्षरे भाड्याचीही.

इथले प्रकरण एका वाक्यापुरते आहे. गाजलेल्या इंग्रजी भाषणांचे विद्यार्थ्यांसाठी मराठी भाषांतर चालले होते. कच्चा खर्डा एका अनुभवी बाईंचा होता, तपासणी माझ्याकडे होती. एका ठिकाणी 'रेंट'चा अर्थ भाड्याकडे गेला. एवढेच असते तर दुरुस्ती करून विषय संपला असता. पण ही चूक घाईगर्दीतली नव्हती. बाईंनी पार्श्वभूमी मन लावून वाचली होती, आणि त्या वाचनानेच त्यांना चुकीच्या वाटेवर नेले. त्यावर कडी म्हणजे मराठीतल्या एका शब्दाने ती चूक अशी झाकली, की खर्डा वाचताना कुठे खटकतही नव्हते.

मूळ वाक्य

भाषण डॅनियल वेबस्टरचे. मॅसॅच्युसेट्सचा हा सिनेटर पेशाने नावाजलेला वकील. २६ आणि २७ जानेवारी १८३० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्याने साउथ कॅरोलायनाच्या रॉबर्ट हेनला उत्तर दिले. सभापतीच्या आसनावर उपाध्यक्ष जॉन कॅल्हून होता, म्हणजे हेन ज्या मताची बाजू मांडत होता त्या मताचा खरा धनी समोरच बसलेला. संघराज्याचा एखादा कायदा घटनाबाह्य वाटला तर एखादे राज्य तो आपल्यापुरता रद्दबातल ठरवू शकते का, हा त्या वेळचा कळीचा मुद्दा होता. वेबस्टरचे म्हणणे : नाही, तसे चालू दिले तर संघराज्य उरणारच नाही.

भाषणाचा शेवट पुढे अमेरिकेतल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतला गेला. त्यात वेबस्टर म्हणतो, आकाशातला सूर्य शेवटचा पाहण्यासाठी माझे डोळे वळतील तेव्हा तो अमुक अमुक गोष्टींवर प्रकाशताना मला न दिसो. मग त्या गोष्टी येतात. आधी, एके काळच्या वैभवशाली संघराज्याचे मोडके आणि मानहानी झालेले तुकडे. मग, तुटून निघालेली, बेसूर झालेली, भांडायला उठलेली राज्ये. आणि मग आपले वाक्य : 'ऑन अ लँड रेंट विथ सिव्हिल फ्यूड्स, ऑर ड्रेन्च्ड, इट मे बी, इन फ्रॅटर्नल ब्लड!'

हे शब्द बोलण्याच्या ओघात निसटलेले नाहीत. भाषणाची टिपणे लघुलिपीत घेतली गेली होती आणि छापण्याआधी वेबस्टरने मजकुरावर स्वतः हात फिरवला होता. तेव्हा 'रेंट' हा शब्द लेखणी हातात घेऊन ठेवलेला आहे, असे धरून चालायला हरकत नाही.

खर्ड्यात हा भाग असा उतरला होता : '…दिवाणी तंट्यांत अडकलेल्या, किंवा कदाचित बंधुरक्ताने भिजलेल्या जमिनीच्या खंडावर तो तळपताना मला न दिसो!'

चूक लपली कशी

'जमिनीचा खंड' हे शब्द पुन्हा एकदा वाचा. कूळ जमीनमालकाला जे देते त्याला मराठीत खंड म्हणतात; जमीन खंडाने देतात, खंडाने घेतात. 'लँड रेंट'ला याहून नेमका मराठी शब्द सापडणार नाही. बाईंनी तो बरोबर निवडला होता, फक्त निवडायची गरज नव्हती. पण खंड म्हणजे तुकडाही, आणि पृथ्वीचे खंडही. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पावती येत नाही, भूभाग येतो. सूर्य भूभागावर तळपतोय, भूभाग रक्ताने भिजलाय. सगळे कसे जागच्या जागी! आधीच्या ओळीत संघराज्याचे तुकडे आलेलेच, त्यामुळे हा खंडही त्यांच्यातच मिसळून गेला. मी पहिल्या वाचनात तिथे न थांबता पुढच्या शब्दाकडे गेलो, आणि थांबलो तो 'दिवाणी'पाशी.

मरणाच्या दारातला सूर्य, भावाभावांचे रक्त, आणि मध्येच दिवाणी दावे? वकिलाच्या तोंडीसुद्धा हे बसेना. मूळ इंग्रजी काढले तेव्हा 'सिव्हिल'च्या शेजारी 'रेंट' उभा दिसला.

बाईंना फोन केला. त्या ठाम होत्या, आणि त्यांचा ठामपणा पोकळ नव्हता. "अहो, वादच मुळी जमिनीवरून पेटला होता ना? सरकारी जमिनींच्या विक्रीचा ठराव होता तो. मग शेवटी जमिनीचा खंड आला तर त्यात नवल काय?"

त्यांचे खरेच होते. ही सगळी चर्चा सुरू झाली ती डिसेंबर १८२९मध्ये कनेक्टिकटच्या सॅम्युअल फूटने मांडलेल्या ठरावावरून. पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींची विक्री काही काळ आवरती घ्यावी का, याची चौकशी करा, असा तो ठराव होता. पश्चिमेकडच्या सिनेटरांनी त्याला विरोध केला, दक्षिणेकडच्या हेनने त्यांची बाजू उचलून धरली, आणि जमिनीचा विषय बघता बघता जकात, गुलामगिरी आणि राज्यांचे हक्क यांच्यावर गेला. पार्श्वभूमी म्हणून कोणीही वाचायला घेतले की पहिल्या परिच्छेदात त्याला जमीन भेटणारच. त्यातून वेबस्टर वकील. त्यातून वाक्यात एका ओळीत 'लँड', 'रेंट', 'सिव्हिल' आणि 'फ्यूड'.

या चौथ्या शब्दाची तर आणखी गंमत. 'फ्यूड' म्हणजे पिढीजात वैर, हे आपल्याला माहीत असते. पण कायद्याच्या जुन्या इंग्रजीत 'फ्यूड' नावाचा दुसराही शब्द आहे, सरंजामी पद्धतीने धारण केलेल्या जमिनीसाठी. 'फ्यूडल' हे विशेषण त्याच घरातले. वैराचा 'फ्यूड' जर्मानिक मुळाचा आणि 'फो' म्हणजे शत्रू या शब्दाचा नातलग. जमिनीचा 'फ्यूड' मध्ययुगीन लॅटिनमधून आलेला. एकमेकांशी त्यांचे काही नाते नाही. म्हणजे मनात एकदा जमिनीचा कज्जा बसला, की वेबस्टरच्या या ओळीतला जवळजवळ प्रत्येक शब्द त्या कज्ज्यात साक्ष द्यायला तयार. संदर्भ पाहा, संदर्भ पाहा असे आपण नवशिक्यांना सांगत असतो. इथे संदर्भ पाहूनच घोळ झाला, कारण पाहिला गेला तो चर्चेचा संदर्भ. वाक्याचा राहून गेला.

वाक्याची तपासणी

वाक्यात पाहिले तर निकाल लवकर लागतो.

सूर्य 'ऑन' कशाकशावर प्रकाशतो, हे आधी बघू. तुकड्यांवर, राज्यांवर, भूमीवर. तिन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. भाडे ही दिसणारी गोष्ट नाही. त्याच्यावर ऊन पडत नाही.

मग रचना. 'स्टेट्स डिसेव्हर्ड' म्हणताना वेबस्टरने विशेषण नामाच्या मागे ठेवले आहे : आधी राज्ये, मग ती कशी झाली ते. वक्तृत्वातली ही जुनी ढब. पुढच्याच पायरीवर तो तीच ढब पुन्हा वापरतो : आधी 'लँड', मग ती कशी झाली ते, 'रेंट'. इथे 'रेंट' हे नाम नाहीच, ते धातुसाधित विशेषण आहे. याला पुरावा लगेच पुढे आहे, कारण 'ऑर' या अव्ययाने जोडलेला दुसरा शब्द 'ड्रेन्च्ड', भिजलेली. 'अथवा'च्या दोन बाजूंना एकाच जातीचे शब्द लागतात. भूमी रेंट तरी झालेली किंवा ड्रेन्च्ड तरी. खर्ड्यात हा जोडीदार सुटला आणि मग 'भिजलेल्या'चा तोल राखण्यासाठी 'अडकलेल्या' हा शब्द बाईंना पदरचा घालावा लागला. मूळ वाक्यात 'अडकणे' अशा अर्थाचे काहीच नाही. भाषांतरात असा एखादा शब्द घरचा घालावा लागला, की समजावे, मुळातला एखादा शब्द आपण चुकीच्या खणात टाकलाय.

राहिला 'विथ'. शाळेत आपण त्याचा अर्थ 'सह' असा घोकतो. पण जुन्या आणि भारदस्त इंग्रजीत 'विथ' कारणही दाखवतो. तिथे मराठीत तृतीया येते. वैरासह फाटलेली नव्हे, वैराने फाटलेली. आज हेच वाक्य कोणी वर्तमानपत्रात लिहिले तर 'विथ'ऐवजी 'बाय' येईल, आणि 'रेंट'ऐवजी बहुधा 'रिव्हन'. 'रिव्ह' हे 'रेंड'सारखेच फाडण्याचे, तेवढेच विरळ क्रियापद, जुन्या नॉर्समधून इंग्रजीत आलेले. त्याचे मूळ रूप सुतारकामात टिकून आहे : रेषांच्या दिशेने लाकूड फाकवणे म्हणजे 'रिव्ह' करणे, आणि टेबल-करवतीच्या पात्यामागे जी पातळ पट्टी काप मिटू देत नाही तिचे नाव 'रिव्हिंग नाइफ'. बाकी सगळीकडे 'रिव्हन' हे एकच रूप भेटते, आणि तेही बहुतेक देश, पक्ष, घराणी यांच्या फुटीबद्दल. त्याला भाड्यासारखा जुळा नसल्याने ते कुणाला फसवत नाही. वेबस्टरने 'रिव्हन' लिहिले असते तर हे प्रकरण घडलेच नसते.

इतके झाल्यावर बाईंनी कोश काढला आणि त्यांना आणखी एक अडचण कळली. 'रेंट' शोधले की आधी भाडे येते, मग भाड्याने देणे, भाड्याने घेणे. फाटण्याचा 'रेंट' बहुतेक वेळा खाली वेगळ्या नोंदीत असतो, आणि तिथेही अनेकदा '“रेंड” पाहा' एवढेच. आधी मूळ धातू सुचला पाहिजे, मग कोश मदतीला येतो. आणि धातू सुचण्यासाठी शंका यावी लागते.

दोन 'रेंट', दोन घराणी

भाड्याचा 'रेंट' जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मागे लॅटिन 'रेद्देरे' आहे, म्हणजे परत देणे. 'रेंडर' हा शब्दही याच मुळाचा. फाटण्याचा 'रेंड' मात्र अस्सल इंग्रज : जुन्या इंग्रजीत 'रेंदन', फाडणे, कापणे, जुन्या फ्रिजियनमध्ये त्याचा भाऊ सापडतो. म्हणजे दिसायला 'रेंड' आणि 'रेंडर' सख्खे वाटतात, पण 'रेंडर'चा सख्खा आहे भाड्याचा 'रेंट', आणि 'रेंड' या सगळ्यांना परका. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही इथे घसरतात. 'हार्ट-रेंडिंग'ऐवजी 'हार्ट-रेंडरिंग' लिहिलेले सर्रास दिसते. आपल्याकडे त्या शब्दाला 'हृदयविदारक' हा इतका चपखल शब्द आहे, की भाषांतर करताना क्षणभरही थांबावे लागत नाही. आता विषय निघालाच आहे म्हणून : 'विदारक'मधला 'दॄ' हा संस्कृत धातू आणि इंग्रजी 'टेअर' हे लांबचे चुलत, दोन्ही एकाच प्राचीन भारोपीय मुळापर्यंत जातात. आपली 'दरी'ही त्याच धातूची. जमीन फाटून झालेली ती दरी.

शिवाय 'टेअर'लाही आपला जुळा आहेच. अश्रूचा 'टिअर' त्याच स्पेलिंगने लिहितात. इंग्रजीत फाडण्याच्या क्रियापदांना असे सोबती का चिकटावेत कोण जाणे. पण 'टेअर' रोजचा असल्याने तिथे कोणी चुकत नाही.

वेबस्टरच्या श्रोत्यांना काय ऐकू आले असेल

अर्थ ठरला, पण मराठी शब्द ठरायचा होता. त्यासाठी 'रेंड'चा वापर कुठे, कसा होतो ते पाहावे लागले. १८३०च्या अमेरिकेत बायबलचा १६११चा इंग्रजी अनुवाद घरोघरी वाचला जात होता, आणि 'रेंड' त्यात जागोजागी आहे. त्या श्रोत्यांना हा शब्द आज आपल्याला वाटतो तसा दुर्मिळ वाटला नसणार. त्याला प्रार्थनेचा आणि शोकाचा वास असणार.

शोकाचा, कारण तिथे तो सर्वांत जास्त कपड्यांच्या संदर्भात येतो. योसेफ मेला असे समजून याकोब आपली वस्त्रे फाडतो. दुःख झाले, अनर्थ कानावर आला, देवनिंदा ऐकली की वस्त्र फाडायचे, अशी ती रीत. योएल संदेष्टा यावरच बोट ठेवतो : वस्त्रे फाडू नका, हृदये फाडा. उपदेशकाच्या पुस्तकात फाडण्याची एक वेळ आणि शिवण्याची एक वेळ असते असे म्हटले आहे, तिथेही फाडण्याला 'रेंड'च. येशूच्या बिनशिवणीच्या झग्याजवळ शिपाई म्हणतात, हा फाडायला नको, चिठ्ठ्या टाकू. कापड, दोन हात आणि ताण, हे या शब्दाचे मूळ चित्र. कात्रीने बेतून कापलेल्याला कोणी 'रेंड' म्हणत नाही.

पण तो कापडाशी थांबत नाही. येशूच्या मृत्यूच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत 'रेंट' होतो आणि त्याच वचनात खडकही 'रेंट' होतात. इथे मराठी माणूस अडतो. पडदा फाटतो, खडक फाटत नाही, फुटतो. शिवाय आपल्याकडे फाडणे वेगळे आणि फाटणे वेगळे, फोडणे वेगळे आणि फुटणे वेगळे; करणारा कोण आणि आपोआप घडते काय, हे क्रियापदाच्या रूपातच ठरून जाते. 'रेंड' दोन्ही कामे एकाच रूपात करते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात याचा नमुनाच आहे. शौल राजा शमुवेल संदेष्ट्याच्या झग्याचा काठ धरतो आणि तो 'रेंट' होतो, म्हणजे फाटतो. लगेच शमुवेल म्हणतो, परमेश्वराने आज इस्राएलाचे राज्य तुझ्यापासून 'रेंट' केले आहे. पहिल्या वाक्यात काठ फाटला. दुसऱ्यात राज्य फाडून घेतले, हिसकावले. इंग्रजीत एकाच शब्दाने हातातले कापड आणि हातचे राज्य एकत्र बांधले आहेत. मराठीत 'फाटला' आणि 'हिसकावले' म्हटले की ती गाठ सुटते, आणि 'राज्य फाडून घेतले' म्हटले तर कानाला टोचते. मला विचाराल तर इथे टोचलेले बरे.

शेक्सपिअरनेही हा शब्द वेगवेगळ्या अंगांनी वापरला आहे. सीझरच्या प्रेताशेजारी उभा राहून अँटनी लोकांना सीझरचा झगा दाखवतो आणि कॅस्काच्या खंजिराने पडलेल्या भोकाला 'रेंट' म्हणतो. तिथे ते नाम आहे, झग्यातली फाट. 'द टेम्पेस्ट' नाटकात प्रॉस्पेरो हा जादूगार आपल्या ताब्यातल्या एरियल या आत्म्याला धमकावतो की ओकचे झाड 'रेंड' करून तुला त्याच्या गाठाळ पोटात ठोकून बसवीन. आणि 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये, दोन मैत्रिणींच्या भांडणात, हेलेना 'रेंट' हे रूप चक्क वर्तमानकाळी वापरते : आपले जुने प्रेम तू असे फाडून टाकणार का? म्हणजे त्या काळी 'रेंट' स्वतंत्र क्रियापद म्हणूनही वावरत होता. नंतर भाड्याच्या 'रेंट'ने ती जागा बळकावली.

आजच्या इंग्रजीत 'रेंड' जिवंत आहे तो ठरीव जागी. 'हार्ट-रेंडिंग' आलेच. दुसरी जागा बातम्यांतली : घोषणांनी, किंकाळ्यांनी हवा 'रेंट' झाली. मराठीत तिथे फाडण्याची गरजच पडत नाही, आसमंत दणाणून जातो. किंकाळी असेल तर ती हवा चिरत जाते, हे मात्र मुळाच्या अगदी जवळ. कपडा फाटला, कागद फाटला, अशा साध्या कामाला हा शब्द लावला तर ऐकणाऱ्याला वक्ता थट्टा करतोय असे वाटेल.

मराठी शब्दाची निवड

पहिला उमेदवार 'दुभंगलेली'. भूमीशी तो छान जातो, भूमी दुभंगणे ही आपल्या कानातली गोष्ट आहे. मी तोच लिहिला होता. बाईंनी तो काढला, आणि बरोबर काढला. दुभंगणे म्हणजे दोन भाग. 'रेंड'मध्ये दोनाचा हिशेब नसतो. मंदिराचा पडदा दोन झाला हे सांगायला तिथे वेगळे 'इन ट्वेन' जोडावे लागले आहे, आणि अहीया संदेष्टा आपले नवे वस्त्र 'रेंट' करतो तेव्हा त्याचे बारा तुकडे होतात. त्याहून महत्त्वाचे : 'दुभंगलेली' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १८६१चे उत्तर-दक्षिण युद्ध उभे राहते. वेबस्टर बोलत होता त्याच्या ३१ वर्षे आधी. त्याच्या वाक्यात अनेक तुकडे आहेत, अनेक राज्ये आहेत. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे म्हणून त्याच्या तोंडी घालायचे हे काही खरे नव्हे.

'छिन्नविच्छिन्न' फार झाले. त्यात तुकडे सुटे होऊन पसरतात, आणि मोडके तुकडे दोन पायऱ्या आधीच येऊन गेलेत. 'रेंट' भूमी फाटलेली आहे, पण अजून भूमीच आहे. 'फाटलेली भूमी' साधे आणि जोरकस, पण मराठीत आभाळ फाटते, कपडा फाटतो, दूध फाटते. भूमीला ते क्रियापद लावले की वाचणारा क्षणभर घुटमळतो. 'भेगाळलेली' म्हटले की दुष्काळ आला. उरला 'विदीर्ण'. संस्कृत, भारदस्त, ओढून फाडल्याचा अर्थ शाबूत, आणि 'हृदय विदीर्ण होणे' या वापरामुळे शोकाची छटाही आपोआप मिळते. सिनेटमधल्या भाषणाच्या शेवटाला एवढा जडपणा शोभतो.

'सिव्हिल फ्यूड्स'ला वेळ लागला. 'यादवी' जिभेवर तयार होता आणि पुढच्या 'बंधुरक्ता'शी त्याचे जुळतही होते. पण यादवी म्हणजे रक्तपात झालेलाच. वेबस्टर पायरीपायरीने चढतो : आधी वैराने फाटलेली, मग 'इट मे बी', म्हणजे न जाणो, रक्ताने भिजलेलीसुद्धा. पहिल्या पायरीवर यादवी ठेवली तर दुसरीवर चढायला काही उरत नाही. 'भाऊबंदकी'त भाऊ आधीच आले आणि शेवटच्या 'फ्रॅटर्नल'चा ठोसा बोथट झाला. शिवाय भाऊबंदकी म्हटले की वाटण्या, बांध आणि कोर्ट. म्हणजे जी जमीन आम्ही दारातून बाहेर काढली ती खिडकीतून परत आत. शेवटी 'आपसांतले वैर' या साध्या शब्दांवर थांबलो. 'अंतर्गत कलह' पाठ्यपुस्तकी वाटला.

पक्के झालेले भाषांतर असे :

'आकाशातला सूर्य अखेरचा पाहण्यासाठी माझे डोळे वळतील तेव्हा तो एके काळच्या वैभवशाली संघराज्याच्या भग्न, अवमानित तुकड्यांवर तळपताना मला न दिसो. तुटून निघालेल्या, बेसूर झालेल्या, लढायला उठलेल्या राज्यांवर न दिसो. आपसांतल्या वैराने विदीर्ण झालेल्या, किंवा न जाणो, भावाभावांच्या रक्तात न्हालेल्या भूमीवर न दिसो!'

'न्हालेल्या'बद्दल माझ्या मनात थोडी कुरकुर आहे. 'ड्रेन्च्ड'मध्ये चिंब भिजणे आहे, न्हाणे नाही. पण 'रक्तात चिंब' बोलून पाहिले तर पावसाळा आठवतो.

'रेंट'वर तळटीप द्यायची का, यावर थोडी चर्चा झाली. मी नको म्हणत होतो, कारण मराठी वाचणाऱ्याला 'विदीर्ण'मध्ये अडचण नाही. बाईंचे म्हणणे असे की विद्यार्थी मूळ इंग्रजी शेजारी ठेवून वाचतील आणि 'लँड रेंट' पाहून त्यांनाच आमची चूक झाली असे वाटेल. तळटीप गेली, एका ओळीची : इथे 'रेंट' हे 'रेंड' या क्रियापदाचे रूप, भाड्याशी संबंध नाही. फूटच्या जमिनींच्या ठरावाची माहिती मात्र प्रस्तावनेतून हलवून भाषणानंतरच्या टिपांत टाकली, म्हणजे वाक्य वाचून झाल्यावरच ती भेटेल.

त्यानंतर बाईंनी उरलेल्या सगळ्या खर्ड्यात 'रेंट', 'फ्यूड' आणि 'विथ' शोधून काढले. 'रेंट' बाकी ठिकाणी भाडेच निघाला. 'विथ'ने मात्र दोन दुरुस्त्या करायला लावल्या. तिथे 'सह' खोडून 'ने' लिहिला आहे.